कोको बटरची बरणी

शुभदानं आयुष्यातलं पहिलं चॉकलेट खाल्लं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. युद्धाचे दिवस होते. तिचे वडील कल्याणच्या लष्करी छावणीत कोठारावर कारकून होते. एका संध्याकाळी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक काळपट वडी काढली. कुणा गोऱ्या शिपायानं दिली होती.

"यात अंडं नाही ना?" आईनं विचारलं.

वडिलांना ठाऊक नव्हतं. म्हणून आईनं खाल्लंच नाही आणि शुभदाच्या वाट्याला चांगले दोन तुकडे आले. वडी मोडताना टक्कन आवाज झाला. जिभेवर ठेवली तर क्षणभर पेन्सिलीसारखी कडक, आणि मग बघता बघता नाहीशी. हातात इतकी ताठ असलेली वस्तू तोंडात अशी विरघळते कशी? चव तिला आवडलीच, पण हा प्रश्न त्याहून जास्त आवडला.

पुढे लग्न होऊन ती शुभदा खांबेटे झाली, डोंबिवलीला आली. नवरा त्र्यंबक फोर्टातल्या एका विमा कचेरीत होता, आणि घरात सासूबाई होत्या, गोदूबाई. त्रेपन्न सालच्या थंडीत त्र्यंबकनं रात्रीच्या दुधात घालायला म्हणून क्रॉफर्ड मार्केटातून कोकोचा डबा आणला. झाकण उघडलं, वास आला, आणि तो जुना प्रश्न पुन्हा जागा झाला.

पहिला प्रयत्न तिला येत होतं त्या वाटेनं गेला. दूध, साखर, तूप आणि कोको आटवून तिनं ताटात थापलं. गोदूबाईंनी वडी चाखली.

"चांगली झालीय की. मग तोंड का पाडून बसलीस?"

"वाकतेय, सासूबाई."

"वडीनं मोडायलाच हवं असं कुठं आहे?"

"हिनं मोडायला हवं."

मग तिनं तुपाऐवजी खोबरेल तेल घेतलं, कारण ते थंडीत आपोआप गोठतं हे बाटलीकडे बघून तिला रोज दिसत होतं. वडी झाली, मोडलीसुद्धा. त्र्यंबकनं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "कुणाची तरी वेणी खाल्ल्यासारखं वाटतंय."

एके दुपारी तिनं कोकोच्या डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून काढली. यातला स्निग्ध अंश काढून घेतलेला आहे, असं तिथं छापलं होतं. काढला तो गेला कुठं? माहेरी कल्याणला गेली तेव्हा तिथल्या वाचनालयात एका जाड कोशात तिनं तो शोधला. कोकोच्या बिया दाबल्या की पिवळट लोणी सुटतं. ते मिठाईवाल्यांकडे जातं आणि औषधं बनवणाऱ्यांकडे. डोंबिवलीत असले मिठाईवाले नव्हते. दवाखाना मात्र घरापासून चार पावलांवर होता.

दवाखान्यात राघो कंपाउंडर होता. मूळचा मालवणकडचा, कामाला स्वच्छ आणि भारी लाजाळू.

"राघोभाऊ, तुमच्याकडे कोको बटर असतं?"

राघोच्या हातातली बाटली तशीच राहिली. "असतं. पण वहिनी, तुम्हाला ते कशाला हवंय?"

"खायला. तुम्ही कशाला वापरता?"

राघोनं कपाटाकडे बघितलं, मग दाराकडे. "म्हणजे कसं... पेशंटला तोंडानं औषध देता येत नाही ना, उलट्या होत असतात, किंवा लहान मूल असतं... तेव्हा त्याच्या गोळ्या करतात. खालून द्यायच्या."

शुभदाला समजायला क्षणभर लागलं आणि समजल्यावर हसू आवरेना. राघो कानापर्यंत लाल झाला. पण त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवरून एक बंद बरणी काढली, झाकण फिरवलं आणि तिच्यापुढे धरली. "वास घेऊन बघा."

आत मेणासारखे पिवळट तुकडे होते. वास थेट त्या छावणीतल्या वडीचा होता.

"शरीरातल्या उबेनं वितळतं, म्हणून तर वापरतात," राघो म्हणाला. "बाहेर टणक, आत गेलं की पाणी."

दहा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर असं एका ओळीत मिळालं. डॉक्टरांना विचारून राघो तिच्यासाठी वेगळी बरणी मागवू लागला.

पिठीसाखर, दुधाची भुकटी आणि कोको तिनं मलमलीतून तीनदा चाळून घेतलं. बटर वितळवून त्यात कालवलं आणि पत्र्याच्या उथळ साच्यांत ओतलं. सकाळी बघते तर वड्या मऊच, आणि वर पांढरे डाग, भिंतीला ओल आल्यासारखे. चार वेळा असंच झालं. शेवटी ती डागाळलेली वडी घेऊन दवाखान्यात गेली.

"फार तापवलंत," राघो बघताक्षणी म्हणाला. "आमच्या गोळ्यांचंही असंच होतं. पार पाणी केलं की मग ते नीट धरतच नाही. अर्धंमुर्धं वितळलं की खाली उतरवा. उरलेलं ढवळता ढवळता वितळू दे. आणि पाण्याचा थेंब नको हं."

त्या रविवारी तिनं तसंच केलं. मिश्रणाचा थेंब मनगटावर ठेवून बघितला; तो गरम नाही, किंचित गारच लागला तेव्हा साच्यात ओतलं. संध्याकाळी साचा पालथा केला. वडी चकचकीत निघाली. तिनं ती त्र्यंबकच्या कानाशी नेऊन मोडली.

"ऐकू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "आता खाऊ का?"

वड्या गुंडाळायचं वेगळंच प्रकरण झालं. त्र्यंबक स्वतः विडीकाडीला शिवत नसे, पण बायकोसाठी कचेरीतल्या लोकांकडून सिगारेटच्या पाकिटांतले चंदेरी कागद मागून आणू लागला. ती ते चमच्याच्या पाठीनं घासून गुळगुळीत करी. दिसायला वड्या झकास दिसल्या, पण दोन दिवसांत त्यांना तंबाखूचा वास लागला. मग पुन्हा राघोच! औषधाची पूड सांडू नये म्हणून बटर पेपरची पुडी कशी घालायची, कडा कशा एकीत एक अडकवायच्या, हे त्यानं तिला टेबलावर करून दाखवलं. त्यावरून शुभदानं पतंगाचा रंगीत कागद लावला आणि साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून बारा-बारा पुड्यांच्या डब्या कापल्या.

छप्पन्न सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातावर एकेक पुडी ठेवली. बायका पुडी उलटीसुलटी करून बघू लागल्या.

"सकाळ-संध्याकाळ घ्यायची का हो?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या.

डॉक्टरांच्या वासंतीबाईंनी पुडी उघडून हुंगली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! राघो बरण्या मागवतो त्या यासाठी? शुभदाताई, ते कशाला वापरतात माहितीय ना?" आणि शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी सांगून टाकलं.

हात थांबले. दोघींनी पुड्या हळूच ताटात ठेवल्या. शुभदाचं तोंड तापलं. वेगळंच काही आहे म्हणून सांगता आलं असतं, पण तिनं आत जाऊन बरणी आणली.

"हे झाडाच्या बीतलं लोणी आहे," ती म्हणाली. "ही बरणी घरातच उघडलीय. तिळाचं तेल आपण अंगाला लावतो, दिव्यात घालतो, म्हणून आज तीळ खायचे सोडलेत का कुणी?"

गोदूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या पहिल्या, दूध आटवून केलेल्या वडीनंतर सुनेची एकही वडी त्यांनी आजवर तोंडात घातली नव्हती.

"अंडं नाही ना गं त्यात?"

"नाही, सासूबाई."

त्यांनी पुडी सोडवली आणि वडी तोंडात टाकली. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. गोदूबाईंना दात थोडेच उरले होते. त्यांनी वडी नुसतीच धरून ठेवली.

"गेली की," त्या जरा वेळानं नवलानं म्हणाल्या. "चावावीच लागली नाही."

मग कागद फाटल्याचे आवाज सुरू झाले. वासंतीबाईंनी दोन खाल्ल्या आणि तिसरी डॉक्टरांसाठी मागून घेतली.

त्यानंतर दर थंडीत शुभदाच्या घरी डब्या तयार होत. बारशाला, मुलाच्या पास होण्याला, सासरी निघालेल्या मुलीबरोबर त्या जात. मार्च लागला की वड्या साच्यात थिजत नसत, म्हणून साचे पुसून माळ्यावर जात. विकायचं तिनं कधी मनावर घेतलं नाही.

अठ्ठावन्न साली परदेशी माल येईनासा झाला आणि राघोची बरणी बंद झाली. शेजारणींनी हळहळ केली. शुभदाला मात्र नवीनच काही कळलं होतं: दक्षिणेत एका सरकारी बागेत कोकोची झाडं लावून बघतायत. तिनं इंग्रजीत पत्र लिहिलं, त्र्यंबककडून तपासून घेतलं आणि टाकलं. दोन महिन्यांनी एक लहानसं पार्सल आलं. आत तेवीस वाळलेल्या बिया होत्या.

तिनं त्या तव्यावर भाजल्या. आधी घरभर आंबूस वास सुटला, मग ओळखीचा. सालं काढून ती पाट्यावर वाटायला बसली. तासाभरानं भुकटी ओली होऊ लागली, पाण्याचा थेंब न घालता, आणि वरवंट्याखाली चकाकायला लागली.

"सासूबाई, बघा, लोणी सुटतंय!"

गोदूबाई येऊन बसल्या. दोघींनी पाळीपाळीनं तीन दिवस वाटलं. झाल्या त्या चारच वड्या, खरबरीत आणि भलत्याच कडू. गोदूबाईंनी आपली वडी पूर्ण संपवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"जमलं नाही," त्या म्हणाल्या. "आणखी बिया मागव."

शुभदा तेव्हा पत्रच लिहीत होती.