तीन सुताचा बोल्ट

“सोड, हळूहळू सोड,” मी युसुफला म्हटलं. त्याने चेनपुली दोन कड्या खाली सोडली आणि स्टँडच्या बाजूने ‘कट्ट’ असा आवाज आला.

युसुफचा हात तिथेच थांबला. “परब, काहीतरी गडबड आहे.”

“उचल परत. लगेच.”

अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात आम्ही दोघं जुन्या गाड्या दुरुस्त करतो. त्या दिवशी चेनला लटकत होतं ते पन्नासच्या दशकातल्या एका ब्रिटिश गाडीचं इंजिन. गाडी मुलुंडच्या डॉ. मेधा राणेंची. त्या दातांच्या डॉक्टर. खरं म्हणजे गाडी त्यांच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा पंच्याऐंशीचे. गाडी चालवायचा हट्ट त्यांनी सोडून दिला होता, पण त्यांना ती सुरू झालेली ऐकायची होती. इंजिनचा असा ब्लॉक, म्हणजे त्याचं मूळ धड, आता शोधून मिळत नाही. पडला, तडा गेला, की विषय संपला.

इंजिन उघडायचं तर ते स्टँडवर चढवतात. स्टँडला चार हात असतात. ते इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्स जोडलेला असतो त्याच भोकांत, चार बोल्टांनी आवळायचे. नंतर चेन काढली की सगळं वजन त्या चार बोल्टांवर. इंजिन हवेत, खाली आपले पाय.

मूळ बोल्ट आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने हरवलेले. मी विचार केला, गाडी इंग्रजांची, म्हणजे माप इंचाचं. भोकाच्या तोंडाशी बोल्ट लावून बघितला आणि तीन सुताचे चार बोल्ट घेतले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिले काही आटे बोल्ट जरा डुलत गेला, पुढे घट्ट झाला. मी पान्याने आणखी आवळला. माझं समाधान झालं.

आवाज आल्यावर वरचा बोल्ट काढला. त्याच्या आट्यांची टोकं चमकत होती, घासून बोथट झालेली. भोकात टॉर्च मारला. भोकातले आटे अजून शाबूत दिसले. नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटकोपरला गेलो. तिथे नटबोल्टच्या एका दुकानात मालतीताई सावंत बसतात. साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. भांडुपच्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी आटे तपासले. कारखाना बंद झाला, तेव्हा या दुकानाच्या शेटनी त्यांना काउंटरवर बसवलं. मी त्यांना ओळखत नव्हतो. युसुफने पाठवलं होतं.

मी म्हटलं, “तीन सुताचेच, पण जरा चांगले बोल्ट द्या.”

त्यांनी माझा बोथट बोल्ट हातात घेतला, चष्मा चढवला. “कुठल्या भोकात घातला होता हा?”

“इंजिनच्या.”

“ते कळलं. भोक कसलं आहे?”

“ब्रिटिश आहे. इंचाचंच असणार.”

“असणार म्हणजे? मोजलं का?” त्यांनी बोल्ट परत माझ्या हातात ठेवला. “भोक आणा. मग बोल्ट देते.”

“ताई, इंजिन उचलून घाटकोपरला आणू?”

“भोकाचा साचा आणा ना. मेण, साबण, काहीही चालेल. पण मोडका आणू नका.”

मला राग आला होता. पंचवीस वर्षं गाड्यांत हात काळे केलेला माणूस मी. पण दुसरा बोल्टही त्यांनी दिला नाही, मग करणार काय?

मेणाने प्रयत्न केला. काढताना तुटलं. साबणाचं तेच. शेवटी मेधाताईंना फोन करून काय झालं ते खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, “भोक केवढं आहे? दाढेएवढं?”

“साधारण.”

“मग ते माझं काम. दुपारी येते.”

त्या खरंच आल्या, दातांचं माप घ्यायची पुट्टी घेऊन. भोक आधी साफ करून घेतलं, आत व्हॅसलीनचा हात फिरवला, पुट्टी भरली, मध्ये एक काडी खोवली. “आता पाच मिनिटं हलवायचं नाही,” त्या म्हणाल्या. सवयीने ‘तोंड उघडं ठेवा’ म्हणतील असं मला वाटलं. पाच मिनिटांनी काडी धरून त्यांनी साचा स्क्रूसारखा फिरवत बाहेर काढला. एकेक आटा स्वच्छ उठला होता. युसुफ बघतच राहिला. “मॅडम, आमच्याकडे नोकरी करा.”

साचा डबीत ठेवून परत घाटकोपर. मालतीताईंनी ड्रॉवरमधून पीच गेज काढलं. कंगव्यासारख्या दातेरी पट्ट्यांचा जुडगा असतो तो. जी पट्टी आट्यांत उजेडाची फट न ठेवता बसेल, ते माप. इंचाची पट्टी सुरुवातीला बसल्यासारखी वाटली, पुढे चढली.

“इंचच आहे की,” मी म्हटलं.

“डोळ्यांक काय दिसता ता सोडा. गेज काय सांगता ता बघूया,” त्या मालवणीत म्हणाल्या आणि दुसरी पट्टी लावली. चपखल बसली. दीडचा पीच, म्हणजे दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटरचं अंतर. साच्याची जाडीही त्यांनी मोजली, दहा मिलिमीटर.

ब्रिटिश इंजिनात मिलिमीटरचे आटे! नंतर मी शोधून वाचलं. ते इंजिन बनवायची जुनी यंत्रसामग्री फ्रान्सची होती, म्हणून आटे फ्रेंच राहिले आणि बोल्टची डोकी तेवढी इंग्रजी पान्यांना बसतील अशी केली. मालतीताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना माहीत असायची गरजही नव्हती.

“तुमचा बोल्ट बारीक होता,” त्यांनी समजावलं. “आट्यांचं अंतर जुळेना, म्हणून पुढे जाऊन अडकला. तुम्हाला वाटलं घट्ट बसला.”

मग भोकाची खोली विचारली. बावीस मिलिमीटर. स्टँडच्या हाताची जाडी आणि वायसर मिळून साडेबत्तीस. त्यांनी कागदावर बेरीज केली. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत हवा, म्हणजे पंधरा. पंचेचाळीसचा बोल्ट कमी पडतो. साठचा भोकाच्या तळाला टेकतो आणि स्टँडचा हात मोकळाच राहतो. पन्नासचे चार दिले, डोक्यावर ८.८ कोरलेले. तो ताकदीचा आकडा. चारही बोल्ट त्यांनी गेजवर तपासून मगच पुडी बांधली.

मी म्हटलं, “ताई, चढवताना बघायला या.”

त्या आल्या, सुट्टीच्या दिवशी, रिक्षा करून. मेधाताईही होत्या. चारही बोल्ट हाताने, पान्याशिवाय, पार आतपर्यंत गेले. मग आवळले. युसुफने चेन सोडली. साखळी सैल पडली. इंजिन हललं नाही. मी स्टँडचं हँडल फिरवलं, तसं सगळं धूड सावकाश उलटं झालं.

मालतीताई पदर खोचून वाकल्या आणि चारही बोल्टांची डोकी एकेक करून बघितली. म्हणाल्या, “बावीस वर्षं बोल्ट पास केले. लागलेला आज पहिल्यांदा बघितला.”

त्यांच्या समोर मला माझी पंचवीस वर्षं जरा कमीच वाटली.

दोन महिन्यांनी मुलुंडला, सोसायटीच्या आवारात गाडी सुरू केली. अण्णा खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “झकास. पण तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय.”

वाजत होता.

आता आमच्या गाळ्यात एक नियम आहे. बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला, तर पान्याला हात लावायचा नाही, आणि आपण किती वर्षं काम करतोय हे कुणाला सांगायचंही नाही.