घड्याच्या तळाचा गाळ

माझ्या सासरी पाण्याचा अभिमान जरा जास्तच. तंजावूरची मराठी घरं बाकी बरंच काही विसरत चालली होती, पण गल्लीच्या टोकाचं तळं आपल्या पूर्वजांनी बांधलं, हे प्रत्येक पाहुण्याला कॉफी हातात पडण्याआधी ऐकावं लागे. माझे सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मी त्यांना मामंजी म्हणत असे. निवृत्त झाल्यावर त्यांना त्या तळ्याशिवाय दुसरं काही सुचेना.

त्या वर्षांत कावेरीचं पाणी उशिरा येई, आणि येताना भांडणं घेऊन येई. तळ्याचा तळ उघडा पडला होता. घरोघरी बोअर झाले, पण ते पाणी इतकं जड की कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ दाद देत नसे. मामंजींनी शोधून काढलं की गावाच्या पश्चिमेला तांबड्या मुरमाचा जो उंचवटा आहे, तिथलं पावसाचं पाणी पूर्वी एका चरातून थेट तळ्यात येई. चर कचऱ्याने बुजला होता. गल्लीतल्या लोकांच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी तो मोकळा करवला. स्वतः काठीने उतार दाखवत उन्हात उभे. "पाणि कुठें जायचें तें आम्ही ठरवायचें नव्हे. जमिनीनें ठरवून ठेविलें आहे," असं ऐटीत सांगत.

उंचवट्यावर आता गुरं चरत नव्हती. गावात मोपेड, व्हॅन, टेम्पो झपाट्याने वाढले होते. त्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या काही पत्र्याच्या शेड तिथे उभ्या राहिल्या होत्या. चर खणताना त्या सगळ्यांनीच पाहिल्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गावातल्या माणसांना काम मिळालं म्हणून उलट बरंच वाटलं.

आमच्याकडे खरा पाऊस ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास. त्या वर्षी तो चांगला झाला आणि तळं भरलं. मामंजी पायरीवर घोटाभर पाण्यात उभे राहून रडले. एरवी हा माणूस कुणाच्या मरणालाही रडला नव्हता. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

पाणी तांबडं आणि गढूळ होतं, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. आमच्याकडे त्यावर जुना उपाय आहे. निवळीची बी, तमिळमध्ये तेत्तान कोट्टै, घड्याच्या आतल्या बाजूला घासायची आणि मग पाणी ओतायचं. काही वेळाने सगळा गढूळपणा खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्या पाण्यात डाळ मऊसूत शिजू लागली. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला गेलं आणि तळ्याचं पाणी देवाला, डाळीला आणि माझ्या लेकीच्या पेजेला आलं.

घड्याच्या तळाशी उरणारा गाळ मामंजी फेकू देत नसत. त्यात खड्याचं नाव नाही, बोटावर घेतला तर लोण्यासारखा. रोज संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आजोबा आणि नात तो गाळ घेऊन बसत. ते तिला बैल करून देत, चूल करून देत. ती बोट तोंडात घालून ओलं करी आणि बैलाची पाठ गुळगुळीत करी. पुन्हा बोट तोंडात. मी हटकलं की मामंजी म्हणत, "असूं दे गे. आपल्या तळ्याची माती. काय होतें?"

लेक तेव्हा नुकती बोलायला लागली होती, आणि बोलणं कसलं, नुसता धबधबा. "ताता, पाणि आलें! ताता, बैल पळालें!" ताता म्हणजे तमिळमध्ये आजोबा. त्यांना तिच्या मराठीचं कोण कौतुक! आमच्याकडची मुलं मराठी समजतात, पण उत्तर तमिळमध्ये देतात. ही एक तरी बोलेल, असं ते गावभर सांगत सुटले होते.

मग ती शाळेत जाऊ लागली आणि घरात हळूहळू गप्प झाली. आधी वाक्यं गेली, मग शब्द. आम्ही काय समजलो? जे प्रत्येक घरात होतं तेच. मामंजी चिडले. "झालें! शाळेने मराठी खाल्लें," म्हणाले, आणि घरात तमिळ बोलायला सगळ्यांना बंदी केली. नातेवाईक माझी समजूत घालत, आमच्या मुलांचं असंच गे, समजतं सगळं, बोलत नाहीत. ती जेवत नव्हती, पोट दुखतं म्हणून रडे, चेहरा पांढराफटक पडला होता. ते आम्ही हट्टात आणि जंतात जमा केलं.

एक दिवस शाळेच्या बाईंनी मला थांबवलं. त्या तमिळमध्ये अगदी सहज म्हणाल्या, घरी थोडं तमिळ बोलत जा, ती इथे एक शब्द बोलत नाही. तुमच्या भाषेत घरी खूप बोलत असेल ना?

घराला वाटत होतं ती शाळेत बोलते, आणि शाळेला वाटत होतं ती घरी बोलते. माझं मूल कुठेच बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं आणि रक्त मद्रासला पाठवलं. उत्तर आलं, रक्तात शिसं आहे. डॉक्टर म्हणाले, ते लहान मुलांच्या मेंदूवर जातं. त्यांनी घराच्या रंगाचं विचारलं, गावठी औषधाचं विचारलं. शेवटी विचारलं, मूल माती खातं का? मामंजी माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चराच्या कडेने वर चालत गेलो. शेडमागे फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग होता. त्यातलं आम्ल मुरमावर ओतून ओतून जमीन पांढरी पडली होती आणि भट्टीची करडी राख उतारावर पसरली होती. तिथून चराचं तोंड अगदी जवळ. मामंजींनी उतार पाहिला. तो त्यांनीच लोकांना काठीने दाखवला होता.

"पाणि एकटें येत नाहीं," ते म्हणाले. "वाटेंत जें भेटतें तें घेऊन येतें. जन्मभर हेंच काम केलों मी."

पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाणी आणि गाळ दोन्ही तपासून घेतलं. नितळ पाण्यात शिसं थोडंच निघालं. गाळ मात्र त्याने भरलेला होता. आम्ल शिशाला सोडवतं, पाऊस त्याला वाहून आणतो, आणि मग ते मातीच्या सगळ्यात बारीक कणांना चिकटून बसतं, असं तिथल्या प्राध्यापकांनी समजावलं. पाणी जिथे थांबतं, तिथे ते कण खाली बसतात. आधी तळ्यात, मग आमच्या घड्यात. तिथून मामंजी ते वेचून काढत आणि नातीच्या मुठीत देत.

मला त्यांचा राग आला. भयंकर आला, आणि अजूनही येतो. तिण्णैवर मांडलेली त्या मातीच्या बैलांची रांग मी त्यांच्या देखत खड्ड्यात पुरली.

त्यांनी चर बुजवायला घेतला तेव्हा गल्ली उलटली. तळं भरवलं तुम्ही आणि आता कोरडंही तुम्हीच करणार? बाकीच्यांची मुलं ठणठणीत दिसत होती. दिसण्यावर कोण किती विसंबणार, हे मी सांगून पाहिलं. मामंजी दिवसा दगड टाकत आणि लोक ते पुन्हा काढत. शेवटी त्या बाजूला प्लॉट पडले आणि चर आपोआप बंद झाला. गाळ तळ्यातच आहे. उन्हाळ्यात उघडा पडतो, पावसाळ्यात ढवळतो, पुन्हा खाली बसतो. जायला त्याला दुसरी जागाच नाही.

औषधांनी लेकीच्या रक्तातलं शिसं उतरलं. शब्द आले नाहीत. आता ती माझ्या खांद्याला लागली आहे, सांगितलेलं सगळं समजतं, मोजके दोन-चार आवाज काढते. नवीन माणसं भेटली की हसून म्हणतात, आमच्याही घरी तसंच, मराठी समजतं पण बोलत नाहीत. मी मान हलवते.

मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी ते तिला म्हणाले, "पाणि दे गे." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भरलेला पेला घेऊन आली. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"कुठलें पाणि? तळ्याचें कीं बोअरचें?" त्यांनी विचारलं. "सांग की. एक शब्द सांग."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. प्रश्न तिला समजला होता, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिने दुसऱ्या हाताने त्यांची मान थोडी उचलली आणि पेला ओठांना लावला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डोळे मिटून ते सगळं पाणी प्यायले.