सांभाळायला दिलेली झाडं

दिवाळी उरकली की आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर येतात. ऊसतोडीला निघालेली घरंच्या घरं त्यात चढतात. भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, लेकरं आणि सगळ्यात वर मोबाईलवर गाणी लावून बसलेला एखादा नवा नवरा. दाराला कुलूप लागतं. मग कुलूप लावून झालेल्या बायका एकेक करून रंगुआक्काच्या अंगणात येतात, लेकरू कडेवर घ्यावं तशी कुंडी घेऊन.

कुंडी आपलं म्हणायचं. तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची बादली, गळा तुटलेला माठ. त्यात कुणाची तुळस, कुणाची अबोली, कुणाचा गुलाब. गुढीपाडव्यापर्यंत घरात माणूस नाही, तर पाणी कोण घालणार? म्हणून सांभाळायला रंगुआक्का. “आक्का, जीव लावा बरं का,” एवढं म्हणून बाई पदर डोळ्याला लावते. तो झाडासाठी की घरासाठी, हे मी कधी विचारलं नाही. म्हणजे एकदा विचारलं, पंकजाला. तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझी पिठाची गिरणी आक्काच्या अंगणाला लागूनच. वस्ती रिकामी झाली की दळण नाही. दळण नाही म्हणजे बायका नाहीत आणि बायका नाहीत म्हणजे बातम्या नाहीत. मग भिंतीवर कोपर टेकून आक्काची थट्टा करायची, एवढाच धंदा उरतो.

आक्कानं स्वतः अर्धा जन्म ऊस तोडला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढता चढता डावा गुडघा गेला, नवरा त्याच्याही आधी गेला, तेव्हापासून ती वस्तीवरच. पण बसून राहील तर आक्का कसली! डब्यांना चुना आणि गेरू लावून त्यावर मोर काढायची. तुराट्या तासून शेवंतीला टेकू द्यायची. थंडी वाढली की संध्याकाळी नाजूक झाडांवर बारदान टाकायची आणि सकाळी ऊन जिकडं सरकेल तिकडं डबे सरकवायची, लंगडत लंगडत. झाडांना हाका मारायची त्या मालकिणींच्या नावानं.

“पंकजा आज मलूल दिसती. आन् गोरक्षाची मंडळी लई पानी पिती बघ.”

“मंडळीचं काय घेऊन बसलीस आक्का, गोरक्ष त्याच्याहून जास्त पितो.”

“मुडद्या, तुझ्या तोंडात माती घालीन कुंडीतली.”

हिवाळ्याच्या दुपारी तिच्या अंगणात आमची बैठक असायची. एसटीतून रिटायर झालेला आदिनाथ, ज्याला निवडुंग जमवायचा नाद. ज्या ज्या डेपोत मुक्काम केला तिथला एकेक काटेरी तुकडा त्यानं उचलून आणलेला. तो ते तुकडे दाखवायला आणायचा आणि कुठला कुठून आणला ते सांगत बसायचा. मी म्हणायचो, “आदिनाथा, प्रवासी उतरवायचं विसरायचास, काटे बरे ध्यानात राहिले.” माझी बायको रतन युरियाच्या गोणीचे दोरे उसवून कुंड्या टांगायची शिंकी विणायची. बियांच्या पुड्या इकडून तिकडं व्हायच्या. मी काहीच लावत नव्हतो आणि काहीच विणत नव्हतो. तरी चहाला पहिला हजर.

सगळ्या झाडांत आक्काचा जीव शेवंतीत. ती शेवंती तिची स्वतःची, कुणाची ठेव नव्हे. फुलून गेली की बुडातून फुटलेली पिल्लं वेगळी करायची, नव्या डब्यात लावायची, पावसाळ्यात शेंडे खुडायचे. पिवळी, पांढरी आणि एक विटकरी, जी पाथर्डीच्या बाजारातही मिळायची नाही. डिसेंबरात आक्काच्या अंगणाकडं बघितलं की वाटायचं, ह्या कुलपांच्या वस्तीत कुणाचं तरी लग्न आहे.

आता कल्याणचं सांगतो. कल्याण म्हणजे आक्काचा एकुलता एक. फडाकडंच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत वाढला आणि कारखान्याच्या साखरशाळेत शिकला. पुढं आक्कानं कोयता हातातून सोडला नाही म्हणून तो कॉलेजात गेला. आता पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात क्लार्क आहे. कॉलनीत घर, बायको सत्यशीला, एक पोरगा. वस्तीवर येणं जत्रेपुरतं, तेही देवाला नारळ फोडून लगेच परत. आक्का म्हणायची, “त्याला ड्युटी असती.” आम्हीही म्हणायचो, असती बाबा.

आणि गेल्या हिवाळ्यात एकाएकी सत्यशीलेचे फोन सुरू झाले. आधी आठवड्याला, मग दिवसाआड.

“आई, शेवंतीला कळ्या आल्या का? विटकरी किती आलीय? फोटो पाठवा ना कुणाकडून.”

फोटो मी काढायचो. आक्का प्रत्येक डब्याशेजारी जरा वाकून उभी राहायची, फोटोत आपणही यावं अशी. सत्यशीलेनं कॉलनीतल्या बायकांच्या बागकाम मंडळात नाव घातलं होतं, हे बोलण्यात आलं. पण आक्काला त्याचं काय? सून दिवसाआड फोन करते, एवढंच तिच्या कानात. अंगणात ज्याला त्याला सांगायची, “सत्यशीला इचारत हुती. लई माया लागली बघ तिला.”

मग एक दिवस कल्याणचाच फोन. “आई, रविवारी येतोय. टेम्पो घेऊन.”

टेम्पो! आमच्याकडं दाराशी गाडी लागते ती संसार न्यायला. आमची सगळी वस्ती दरवर्षी अशीच उचलली जाते. एकटा लेक भेटायला येणार असता तर मोटारसायकलवर आला असता. टेम्पो आणतोय म्हणजे न्यायलाच येतोय. आक्काला असं वाटलं, रतनला वाटलं, आदिनाथाला वाटलं आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. उलट मीच तेल ओतलं.

“आक्का, आता काय बाबा, कॉलनीत राहनार. नळ सोडला की पानी. आमाला वळखशील का न्हाई?”

“तुला तर मुळीच न्हाई,” असं म्हणून आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिनं कोंबड्या रतनला दिल्या. चुलीचे दगड काढून अंगणाच्या कडेला रचून ठेवले. राहिला प्रश्न लोकांच्या कुंड्यांचा. त्यासाठी तिनं मला धरलं आणि आठवडाभर रोज सकाळी तांब्या हातात देऊन शिकवलं.

“पंकजाला दिवसाआड, तांब्याभर. जास्त घातलं तर कुजंल. गोरक्षाच्या मंडळीला रोज. आन् बारदान टाकायचं इसरू नको.”

“बारदानाखाली मीच झोपतो की.”

“कानिफा, थट्टा नको. लोकांनी इश्वासानं ठेवल्यात रं.”

मी थट्टा केली नाही. खरंच शिकलो.

रविवारी सकाळपासून आक्का दारात गाठोडं शेजारी घेऊन बसलेली. तोडीला निघालेली बाई गाडीची वाट बघत बसते, अगदी तशीच. धुवट लुगडं, केसांना तेल. उन्हं अंगणात आली तसा टेम्पो आला. कल्याण उतरला, कानात ते फोनचं बोंडूक. पाया पडला, हे सांगितलं पाहिजे. मग म्हणाला, “आई, शेवंत्या दाखव पटापट. मंगळवारी प्रदर्शन आहे कॉलनीत. सत्यशीलेनं दोन टेबलं धरून ठेवलीत.”

आक्कानं बोट केलं. कल्याण आणि ड्रायव्हर डबे उचलायला लागले. पिवळे गेले, पांढरे गेले. आक्का उठून मागं मागं, “बुडाला धर, बुडाला धर,” करत. अजून तिला वाटत होतं, आधी झाडं, मग आपण. सामान चढवायची रीत तीच असते.

ड्रायव्हर भला माणूस. दारातलं गाठोडं उचलून म्हणाला, “हे पुढं घेऊ का मागं, मावशी?”

कल्याण थांबला. “हे काय?”

आदिनाथ आभाळाकडं बघायला लागला, जसं काही तिथून बस येणार होती. कल्याणनं कानातलं बोंडूक काढलं.

“आई... तू येतेस का काय?” मग लगेच घाईघाईनं, “अगं, दोनच खोल्या आहेत. पोराचा अभ्यास. आणि तू आलीस तर ह्या लोकांच्या कुंड्या कोण बघणार? पाडव्यापर्यंत आहेत ना इथं?”

“मी बघतो,” मी म्हणालो. “आक्कानं शिकवलंय मला समदं.”

कल्याण हसला. सुटल्यासारखा हसला. त्याचं बघून ड्रायव्हरही हसला. “कानिफकाका, तुमची गंमत काही जात नाही.”

“गंमत न्हाई रं, खरंच सांगतो. पंकजाला दिवसाआड, गोरक्षाच्या मंडळीला रोज...”

ते आणखी जोरात हसले. सगळा जन्म ह्या वस्तीत वाकडं बोलण्यात घालवला, त्या दिवशी सरळ बोललो तर ऐकणारा नव्हता.

तेव्हा रतन पुढं झाली. “ह्यांचं सोड भाऊ. मी घालीन पानी. ने आक्काला.”

ह्यावर मात्र कुणाला हसता येईना. कल्याण घड्याळात बघायला लागला, मग चपलेकडं. त्याला आता खरं ते सांगावं लागणार होतं आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. ते आक्कानं बघितलं. लेक अडकला हे आईला आधी कळतं, मग तो कुणामुळं का अडकलेला असेना.

“येड्यावानी काय बोलायला लागला समदी?” ती म्हणाली. “मी कुठं चालले? गोधड्या काढल्यात त्या. डबे एकमेकाला घासून झाडं मोडत्याल, मधी घालाया नगं?”

आणि तिनं गाठोडं सोडलं. खाली दोन लुगडी आणि पत्र्यावर ठोकलेला देवाचा टाक होता. ते तिनं पायानं दाराआड सारलं. देवाला पाय लागला म्हणून हात छातीला लावला. वरच्या दोन गोधड्या, तिनं स्वतः शिवलेल्या, तिच्या अंथरुणा-पांघरुणाच्या, तेवढ्याच होत्या तिच्याकडं. त्या घेऊन ती टेम्पोत चढायला गेली. गुडघ्यानं चढता येईना. मग खालूनच ड्रायव्हरला सांगत राहिली, “ही डब्यांच्या मधनं घे. व्हय, तशी. विटकरीला नीट गुंडाळ.”

“वा आई, डोकं आहे तुझं,” कल्याण म्हणाला.

टेम्पो गेला. आक्कानं चुलीचे दगड परत आणून मांडले. मी उचलू लागलो तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे, तुला मांडता यायचे न्हाईत.”

त्या महिन्यात आमच्याकडं थंडी कशी होती ते आमचं आम्हाला ठाऊक. रतननं आमच्यातलं एक ब्लँकेट नेऊन दिलं. सकाळी घडी घालून परत आलं. “मला नगं गं. उसाच्या फडात काय गाद्या हुत्या का?” असं आक्का म्हणाली. पण मला भिंतीवरून दिसायचं. संध्याकाळी झाडांवर टाकायची बारदानं मोजकी झाली होती. काही झाडं उघडीच राहायची.

प्रदर्शन झालं आणि सत्यशीलेचा फोन आला. व्हिडिओ कॉल, म्हणून आक्कानं मला हाक मारली. फोन तिच्या पुढं धरून मी भिंतीला टेकलो.

“आई, पहिला नंबर आला! आणि त्या गोधड्यांनी तर कमालच केली. मी टेबलावर अंथरल्या, त्यावर डबे. बायकांना वाटलं मुद्दामच केलंय, आपली जुनी कला म्हणून. सगळ्या फोटो काढत होत्या. आई, दोन मैत्रिणींना हव्यात तसल्या. कराल ना?”

“करीन की,” आक्का म्हणाली. “रंग कंचा पायजे?”

मला राहवेना. “सत्यशीला,” मी मागून ओरडलो, “आधी तिला इचार, तू रातीला पांघरती काय!”

आक्कानं झटकन पंजा फोनवर ठेवला. “मेल्या, हळू. ऐकू जाईल तिला.” मग पंजा काढून फोनला म्हणाली, “काय न्हाई गं. शेजारचा कानिफ हाय. त्याची गंमत चालती.”

तिकडून हसण्याचा आवाज आला.

रतननं धुसफुसत दोन जुनी पातळं काढून दिली. “एक त्यांची, एक तुमी पांघरायची, हे कबूल असंल तर न्या.” आक्का व्हय म्हणाली. दुपारच्या बैठकीत आता ती गोधडी शिवत बसायची. आदिनाथ सुई ओवून द्यायचा आणि डेपोच्या गोष्टी सांगायचं विसरायचा. बारीक, सरळ टाके. कडेला लाल पट्टी. दोन्ही गोधड्या तयार झाल्या आणि दोन्ही एसटीनं गेल्या. रतननं तिच्याशी चार दिवस अबोला धरला. आक्कानं तो मुकाट सोसला.

पाडव्याच्या आसपास ट्रॅक्टर परत आले. कुलपं उघडली. काळवंडलेल्या, वाळलेल्या बायका आपापली कुंडी न्यायला आल्या. दोन-चार झाडं थंडीनं करपलेली, त्यांचं आक्कानं आधीच सांगून टाकलं. गिरणीपुढं दळणाच्या पाट्यांची रांग लागली, म्हणजे ऐकायला गर्दी होती.

पंकजा म्हणाली, “आक्का, तुमची शेवंती दिसंना ती?”

“कल्याण घेऊन गेला. टेम्पो घेऊन आल्ता.” आक्काचा आवाज भरभरून होता. “मलाबी चल म्हनत हुता. लई धरून बसला बाई, गाठोडं उचलून टेम्पोत घातलं त्यानं. मीच न्हाई म्हनले. म्हनलं, ह्या पोरींच्या कुंड्या कोन बघंल?”

आदिनाथानं माझ्याकडं बघितलं. रतननंही बघितलं. ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आता हा काय बोलतो, असं. मी पाटीतल्या जोंधळ्यात हात घालून खडे बघायला लागलो.

“बरं झालं आक्का न्हाई गेल्या ते,” पंकजा म्हणाली. “तुमी गेल्या असत्या तर आमच्या झाडांचं काय झालं असतं?”

“तेच की,” आक्का म्हणाली आणि पंकजाचा डबा पदरानं पुसून तिच्या हातात दिला.