ईदला आलेला लुंगीवाला गोरा

आधीच सांगून टाकतो, जिन-भूत असलं काही मी मानत नाही. आमच्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यात पडक्या विहिरीच्या गोष्टी ऐकून पोरं चादरीत शिरायची, मी त्याच विहिरीवर बसून पेरू खायचो. तरी हे लिहितोय... कारण पाहणारा मी एकटा नव्हतो. अख्ख्या खोलीनं पाहिलं, तेही भर सकाळी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कतारमध्ये दुखानच्या तेलाच्या कॅम्पात मी स्टोअर क्लार्क होतो. साहेब स्कॉटिश, आम्ही त्याला मॅकसाहेब म्हणायचो. माणूस लाखातला, पण त्या रमजानात त्याचं तोंड पार उतरलेलं. गावी त्याला मुलगा झाला होता. मॅडमला बाळाचं नाव अँगस ठेवायचं होतं, साहेबाच्या थोरल्या भावाचं. साहेब काही केल्या ऐकेना.

"ते नाव नको, अब्बास," तो मला म्हणाला. "आम्ही मेंढपाळाची पोरं. अँगस सदा भुकेला, सदा नाचत असायचा. लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात त्याची तुकडी अडकली, रसद पोचलीच नाही. गोळी लागली तेव्हा त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मुलाला हाक मारली की मला तेच आठवणार."

दुसरं नावही त्याला सुचेना. बाळ बिचारं बिननावाचं, तिकडे मॅडम रडून हैराण. मला तर त्या दोघांची फार दया यायची.

ईद उजाडली. नमाज आटोपून आम्ही कोकणवाले खोलीत पातेल्याभोवती बसलो होतो. तेवढ्यात दारात एक गोरा तरुण. तांबडे केस, खाकी शर्ट, आणि खाली चौकड्यांची... लुंगी! स्कॉटिश पुरुष किल्ट नावाचा चौकड्यांचा घागरा नेसतात हे आम्हाला कुठं ठाऊक? खेडचा हुसेन तर खूष होऊन टाळ्याच पिटायला लागला.

"सायबानं आपल्यासाठी लुंगी नेसलीन रे! पन आखूड झालीय. थांब, मी नीट नेसवतो."

कसाबसा त्याला आवरला. आता तुम्ही म्हणाल, नाव का नाही विचारलं? तर आमची रीतच तशी — ईदला दारात आलेल्याला आधी शीरखुर्मा, मग नाव-गाव. आधी विचारणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आणि या पठ्ठ्याचं खाणं संपेचना! वाट्यांवर वाट्या. खारका आवडल्या म्हणून हुसेननं पातेलं खरवडून दिलं. हुसेननंच त्याच्या मनगटाला अत्तर लावलं. हात चांगला उबदार होता म्हणे.

मग तो उठला, लांब दांड्याचे दोन डाव जमिनीवर फुलीसारखे ठेवले आणि त्यांच्यामधून उड्या मारत असा नाचला, की आमचे म्हातारे आचारीसुद्धा ठेका धरून बसले. शेवटी पायानं एक डाव उडवला, हवेत झेलला, वाकून सलाम केला आणि हसत बाहेर पडला. मी मागोमाग गेलो, तर बाहेर नुसतं ऊन.

दुपारी मॅकसाहेब मुबारक द्यायला आला.

"साहेब, तुमचा तो चौकड्यांची लुंगी नेसलेला पाहुणा मजा करून गेला," मी म्हटलं.

"कसला पाहुणा? लुंगी नव्हे, किल्ट असणार. पण इथं स्कॉटिश मी एकटाच आहे."

म्हणून हुसेननं नाचून दाखवलं. डाव उडवलाही, पण तो झेलायच्या ऐवजी कपाळावर घेतला. आम्ही हसतोय, आणि साहेब पांढराफटक.

"हा आमचा तलवारींवरचा नाच," तो सावकाश म्हणाला. "तलवारीला पाय लागणं अपशकुन. मुद्दाम लाथ मारून झेलणारा मी जन्मात एकच पाहिला. त्यासाठी बापाचा मार खायचा."

साहेबानं एकच विचारलं, "तो पोटभर जेवला का?"

"पोटभर, साहेब," हुसेन म्हणाला. "शेवटी पोटावर हात फिरवून नको नको म्हणाला."

साहेब तिथंच खाली बसला. रडत होता आणि हसतही होता. आम्हाला सगळ्यांनाच भरून आलं, आणि खरं सांगतो, इतका आनंदही कुठल्या ईदला झाला नाही.

गेटवर विचारलं... ना गाडी आली होती, ना माणूस. आजवर कितीजणांना हे सांगितलं, कुणालाच उलगडा करता आला नाही. मलाही नाही. साहेबानं मात्र कुणाला काही विचारलं नाही. तो लगेच तार करायला निघाला, आणि भेटेल त्याला थांबवून सांगत गेला, "माझ्या मुलाचं नाव अँगस."