खाटेवरचं ऑफिस

टॅबलेट घे, असं धनंजयला मीच म्हणालो होतो.

सेलूत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी शाळेत गणित शिकवतो. धनंजय भोयर घरांचे नकाशे काढायचा. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेला, इंजिनीअर नव्हे. पण आजूबाजूच्या खेड्यांत कुणाचं घर बांधायचं ठरलं की आधी बोलावणं त्याला. जागेवर जायचा, टेप लावायचा, आणि मालक हॉल किती मोठा पाहिजे ते सांगत असताना हा घरातल्या बाईला विचारायचा, "काकू, सैपाक करताना उजेड कोणत्या बाजूनं पायजे तुम्हाले?" त्या बिचाऱ्या गोंधळून जायच्या. असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसायचं.

तीन वर्षांपूर्वी कारंजाकडे एका दुमजली बांधकामावर तो स्लॅबची मापं तपासत होता. सेंट्रिंगची फळी सरकली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता.

चाकांच्या खुर्चीवर अर्धा तास बसवलं की पाठीत कळा निघायच्या, घेरी यायची. बस स्टँडजवळच्या खोलीतला त्याचा कॉम्प्युटर घरी आणला, पण त्याच्यासमोर बसणार कोण? तो काही महिने छताकडे बघत पडून राहिला. मग मी एका शिक्षकाला टॅबलेटवर पेननं आकृत्या काढताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी धनंजयला सांगितलं. त्याच्या बायकोनं, जयानं, आठवडाभरात टॅबलेट मागवला. खाटेच्या लोखंडी दांड्याला स्टँड आवळला. धनंजय डाव्या कुशीवर झोपायचा, टॅबलेट डोळ्यांसमोर, उजवा हात मोकळा. पहिली सरळ रेघ ओढली तेव्हा म्हणाला, "सर, हे पाहा. हात नाई विसरला."

त्या दिवशी आम्ही तिघांनी चहा घेतला. जया खूप दिवसांनी हसली.

टॅबलेटवर काम व्हायचं, पण पूर्ण व्हायचं नाही. नकाशावर ज्या इंजिनीअरची सही लागायची त्याला फाइल कॉम्प्युटरच्याच पद्धतीची हवी असायची. टॅबलेटमधून पाठवली की रेघांची जाडी बदलायची, मराठीत लिहिलेली खोल्यांची नावं पुसली जायची, कधी अख्खा जिनाच गायब. शेवटी हे नीट करून द्यायचं काम कैलासनं घेतलं. कैलास आयटीआयला धनंजयच्याच बॅचचा, त्याचाही हाच धंदा. माणूस चांगला. "पाठवत जाजो, मी करून देतो," म्हणाला आणि खरंच करून द्यायचा.

जागेवर कोण जाणार, हा प्रश्न उरला होता. जयानं टेप उचलला. तिला त्यातलं काही येत नव्हतं. धनंजय व्हिडिओ कॉलवर सांगायचा, "भिंतीच्या मधात नोको धरू, कोपऱ्यात धर. हां. आता वाच." पहिलं घर नाचणगावच्या बापूरावांचं. चार खोल्या, मागं गोठा. तिनं दोनदा चूक केली, दोनदा परत गेली, पुलगावपर्यंतची बस पकडून. नकाशा झाला, घर उभं राहिलं.

वास्तूला बापूरावांनी गाडीच पाठवली. "ज्यानं काढलं त्यानं पायलं पायजे," असा त्यांचा हट्ट. मीही गेलो होतो. दारापुढं चार पायऱ्या होत्या. चौघांनी खुर्ची उचलली. वर पोचेपर्यंत धनंजयनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि त्याची मान खाली होती. आत जाऊन त्यानं खोल्या पाहिल्या, बापूरावांच्या सुनेनं सैपाकघरात नेऊन खिडकी दाखवली. परतताना गाडीत मला म्हणाला, "पायऱ्या मीच टाकल्या, सर. उताराचं सुचलंच नाई मले. मलेच नाई सुचलं!"

त्या घरानंतर कामं येऊ लागली. एका हंगामात सात नकाशे. सकाळी जया त्याला डाव्या कुशीवर करून जागेवर जायची, दुपारी येऊन कूस बदलायची. दर दोन तासांनी बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उजव्या कुशीवर त्याला काढता यायचं नाही. उजवा हात अंगाखाली अडकायचा. मी मधल्या सुट्टीत डोकावलो की विचारायचो, "वळवू का?"

"थांबा ना सर, एवढी भिंत होऊ द्या."

मी थांबायचो. तो रंगात आलेला असायचा, त्याला मधेच थांबवणं माझ्या जिवावर यायचं. नंतर नंतर तर मी विचारणंही सोडलं.

डाव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग पडला. त्याला काही जाणवत नव्हतं, त्यामुळे त्यानं सांगितलंही नाही. जयाला वास आला तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पाच महिने दवाखाना. दोन ऑपरेशनं. ताप चढला की तो भिंतींची मापं बडबडायचा.

ज्यांची घरं अर्धवट होती ते किती दिवस थांबणार? ते कैलासकडे गेले. फाइली त्याच्याकडेच होत्या. त्यानं प्रत्येक वेळी धनंजयला फोन करून विचारलं, आणि धनंजयनं प्रत्येक वेळी हो म्हटलं.

डॉक्टरांनी घरी सोडलं ते ताकीद देऊनच: डाव्या कुशीवर अजिबात नाही. पाठीवर झोपून टॅबलेट छातीवर धरायचा, पण दहा मिनिटांत हात थरथरायचे. वरून लटकवून पाहिला, तर पेन उचलून काढताना खांदा भरून यायचा आणि रेघ वाकडी जायची. कैलास खिडक्या-दारांचे तक्ते भरायचं बारीकसारीक काम पाठवायचा. काही महिन्यांनी तेही थांबलं. तेवढं काम आता सॉफ्टवेअरच करतं, असं तो अवघडून सांगून गेला. जाताना दारात घुटमळला. म्हणाला, "वहिनीले माप घेता येते. मले जागेवर जाले माणूस पायजेच. तुह्यी हरकत नसन तर..."

जया माझ्याकडे पाहत होती, धनंजयकडे नाही.

"हरकत काऊन राहीन?" धनंजय म्हणाला. "तिचा हात बसला आता. चुकत नाई ते."

गेल्या पावसाळ्यापासून जया कैलासकडे जाते. सकाळी आठला निघते, संध्याकाळी परतते. मापं जागेवरूनच कैलासला पाठवते. सकाळी अकराला शेजारच्या वच्छलाबाई आणि मधल्या सुट्टीत मी, असे आम्ही त्याला वळवतो. आता मी विचारत नाही, सरळ वळवतो. तोही थांबा म्हणत नाही.

सुरुवातीला ती आली की तो विचारायचा, "आज कुठं गेलती?"

"आंजीले."

"दार कोण्या बाजूले? विहीर हाय का? मागं किती जागा सुटते?"

ती हातपाय धुता धुता सांगायची. तो पाठीवर पडून तिच्या बोलण्यावरून टॅबलेटवर ते घर काढायचा. कुणासाठी नाही, असंच. एकदा दमून आलेली ती चिडून म्हणाली, "अवो, दिवसभर तेच करून आली मी. आता घरी तरी नोका ना विचारू." लगेच तिला वाईट वाटलं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि स्वतःहूनच सांगू लागली. पण तो म्हणाला, "राहू दे. जेवून घे आधी."

त्यानंतर त्यानं तिला काही विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

परवा त्याला वळवताना उशीखाली टॅबलेट लागला. बंद पडलेला, काचेवर धूळ. मी म्हणालो, "चार्जिंगला लावू का?"

"कायले?" तो म्हणाला. रागानं नाही; खरंच विचारल्यासारखं. मी त्याच्या पाठीशी उशी नीट लावली, पंखा एक नंबरनं वाढवला. शाळेची घंटा झाली तसा निघालो.