थोरल्याचा वायू, धाकट्याचं दुकान

आधी चहाचा कप खाली ठेवा. नाहीतर हसताना नाकातून येईल, आणि दोष मला द्याल!

मला सांगा, माणूस मुलगी बघायला जातो तेव्हा त्याने काय बोलावं? पगार सांगावा, गोत्र सांगावं, पोहे छान झालेत म्हणावं. मी कशावर बोललो? वायूवर! आणि तेही होणाऱ्या सासऱ्यांसमोर!

झालं असं. संस्थानं विलीन होऊन काही वर्षं लोटली होती. मी देवासच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि उरलेल्या वेळात माझ्या इंदूरच्या प्राध्यापकांसाठी आकाशाच्या फोटोंच्या काचा भिंगाखाली तपासायचो. काही तारे जोडीने राहतात. त्यातल्या काही जोड्यांभोवती विरळ वायूचा ढग पसरलेला असतो, त्याला तेजोमेघ म्हणतात. तो शोधायचा. एकही सापडला नव्हता, पण डोक्यात दुसरं काही नव्हतं.

असं डोकं घेऊन मी मामाबरोबर धारला गेलो.

घर आबासाहेबांचं. धार दरबारातले जुने अंमलदार. दरबार गेला, पण रुबाब राहिला होता. देह अवाढव्य, चेहरा लालबुंद. शेजारी त्यांचे थोरले जावई, दाजी. लहानखुरे, गोरेपान, आणि लग्नापासून तिथेच मुक्कामाला. हे मामाने मला सांगितलंच नव्हतं. आबासाहेबांना वायूचा जुनाट त्रास आहे, हेही नाही. सांगायला नको होतं का? तुम्हीच बोला!

सुमन पोहे आणि गुलाबजाम घेऊन आली. माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवताना तिने एकदा सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि माझं काम तिथेच झालं. लग्न करीन तर हिच्याशीच! आता फक्त आबासाहेबांनी हो म्हणायचं होतं.

"शाळा सुटल्यावर काय करता?" त्यांनी विचारलं.

बस्स! मी बशी पुढे ओढली.

"आमच्या देवासात कसं होतं, आबासाहेब? एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. तशी ताऱ्यांचीही जोडी असते. हा थोरला." मी गुलाबजाम दाखवला. "म्हातारा, लाल, फुगलेला. आणि हा धाकटा." पोह्याचा एक दाणा शेजारी ठेवला. "पांढरा, एवढासा. थोरल्याला धरून राहतो आणि त्याचंच ओढून घेतो."

दाजींचा घास हातातच थांबला म्हणे. म्हणे, कारण मी बशीत बघत होतो.

"आणि थोरल्याच्या अंगातून सारखा वायू बाहेर पडत असतो."

पडद्याआड कोणीतरी फिस्सकन हसलं. मामाने माझ्या मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, शाबासकी देतोय!

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आबासाहेबांचा आवाज एकदम खाली आला.

"सगळ्या जगाला माहीत आहे, आबासाहेब! अमेरिकेत तर फोटो काढलेत."

"फोटो?"

"हो ना! फार दूरवर पसरतो. पण विरळ असतो, पटकन लक्षात येत नाही. मी तोच तर शोधत असतो."

"विन्या!" मामा कळवळला.

तेवढ्यात दाजी उभे राहिले. "सुन लिया, आबा? ये भिया अपने को सुना रिया हे! मी काय कायमचा राहायला आलोय? दुकान काढतोयच ना मी? जागा बघून ठेवलीये, बस पाटी रंगवायची बाकी हे!"

दुकान? कसलं दुकान? मी मान वर केली. लाल चेहरा. गोरा चेहरा. बशीतला गुलाबजाम. पोह्याचा दाणा.

अरे देवा!

मामा टोपी शोधू लागला. मी सुमनकडे बघायचं धाडस केलं नाही. हातातोंडाशी आलेलं सुख मी स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं, आणि रडू यायचंच बाकी होतं.

"पण तो वायू काळोखात दिसतो कसा?"

दारातून सुमन विचारत होती. चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खाली मान घालून म्हणालो, "धाकट्यामुळे. थोरला आता थंडावत आलेला असतो. धाकटा एवढासा, पण फार तापलेला. त्याच्या तेजाने तो वायू उजळतो. धाकटा नसता, तर थोरल्याच्या अंगातून काय काय निघून गेलं, ते कोणाला दिसलंच नसतं."

आबासाहेब खुंटीवरच्या दरबारी पगडीकडे बघत राहिले.

"खरं आहे," ते म्हणाले. "संस्थान गेलं आणि माणसं पांगली. माझ्या त्याच त्या गोष्टी ऐकायला उरले ते हे दाजी. रोज संध्याकाळी विचारतात, मग काय झालं, आबा? म्हणून मला आठवतं, मी कोण होतो ते."

दाजी हळूच खाली बसले आणि पोहे चिवडू लागले.

मला शरमल्यासारखं झालं. इतके दिवस त्या ताऱ्यांत मला एक खाणारा आणि एक खाऊ घालणारा, एवढंच दिसत होतं.

मग आबासाहेब हसले, पोट गदगदा हलेपर्यंत. "पोरगा बावळट आहे, पण सरळ आहे. सुमे, काय म्हणतेस?"

"अजून बरंच विचारायचं राहिलंय," सुमन म्हणाली. आबासाहेबांनी तेच हो धरलं.

लग्न झालं. दाजींनी खरोखरच बसस्टँडजवळ सायकलींचं दुकान काढलं आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. त्याच सुमाराला सरकारने माझी बदली केली. कुठे? धारला!

"जागा मिळेपर्यंत राहा इथे," आबासाहेब म्हणाले.

जागा मी शोधतोच आहे. तेजोमेघही शोधतोच आहे. पण दाजींची खोली हवेशीर आहे, आणि संध्याकाळी "मग काय झालं, आबा?" विचारायला घरात कोणी नको का? ते काम आता मी करतो, आणि मनापासून करतो.

परवा दाजी आले. मी तिसऱ्या गुलाबजामला हात घालत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि पोह्याचा एक दाणा उचलून माझ्या गुलाबजामशेजारी नीट ठेवला.

"क्यों भिया," म्हणाले, "दुकान कब खोल रिये हो?"