झिजलेल्या कोपराचा कोट

इस्लामपुरात कोर्टासमोरच्या गल्लीत याकूबभाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. उन्हाळ्यात वकिलांची काळ्या कोटातून सुटका होते, तेव्हा गावातले निम्मे कोट तिथं दुरुस्तीला येऊन पडतात. ते उसवण्या-शिवण्याचं काम याकूबभाईंच्या मुलीकडं, सलिमाकडं. आठ महिन्यांपूर्वी ती तासगावच्या सासरहून परत आली, ती एकटीच. तलाकाचं बोलणं चालू होतं आणि सहा वर्षांच्या अर्फाला नवऱ्यानं, मोहसीननं, ठेवून घेतलं होतं. सलिमाला बाकी काही नको होतं. पोरगी हवी होती.

"उदयसिंह वकिलांना धर," भाऊ रिजवान म्हणाला. "लय वजन हाय त्यांचं."

सलिमाला ते पटेना. उदयसिंहांचा कोट तिच्या हाताखालून गेला होता. चार वर्षं वापरूनही बाह्या कोऱ्या करकरीत. हा माणूस टेबलावर कोपर टेकून कधी काही लिहितो, यावर तिचा विश्वासच बसेना. दुसऱ्या वकील राणी मॅडम, त्यांच्या कोटाची कोपरं मात्र दर वर्षी झिजून जाळी झालेली असत. कोपरं बघून वकील निवडणारी जगात हीच एक बाई असेल, पण तिनं राणी मॅडमनाच निवडलं.

सलिमा मॅडमकडं सासरची गाऱ्हाणी तोंडपाठ करून गेली होती. मॅडमनी हात वर केला. "ते मागनं. आधी पोरीचं सांग." कुठला दात पडलाय, तापात कुणाला हाक मारते, दुकानात आल्यावर काय करते. सलिमा सांगत राहिली आणि मॅडम लिहीत राहिल्या.

मॅडमनी पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. त्यावर मोहसीनच्या वकिलानं उत्तर दिलं, मुलगी आईला विसरली आहे, भेटायला नको म्हणते. ते वाचून सलिमाला दोन दिवस घास उतरला नाही. शेवटी कोर्टानं सांगलीत एक तासाची भेट ठरवली. समुपदेशक बाई समोर बसून अहवाल लिहिणार आणि त्यावर पुढचं ठरणार.

सलिमानं ध्यानातल्या मापानं फ्रॉक शिवला. मॅडमनी आपली टिपणं चाळली आणि म्हणाल्या, "मापाचा टेप पण घे बरोबर."

"आवं मॅडम, फ्रॉक शिवून झालाय की."

"असू दे. घे."

अर्फा आली ती आजीचा, मोहसीनच्या आईचा, हात धरून दारातच उभी राहिली. हाकेला ओ देईना. समुपदेशक बाईंचं पेन चालू झालं. सलिमानं फ्रॉक पुढं धरला, तर तो लांबूनच आखूड दिसत होता. पोरगी वाढली होती आणि आईला पत्ता नव्हता. सलिमाला रडू फुटलं. डोळे पुसायला रुमाल काढताना पिशवीतून टेप खाली पडला.

अर्फानं तो बघितला. आजीचा हात सोडून ती आली, टेप उचलून आईच्या हातात दिला आणि आईकडं पाठ करून दोन्ही हात पसरून उभी राहिली. दर ईदच्या आधी दुकानात माप द्यायला उभी राहायची, तशीच.

"अम्मी, ह्या बारीला खिसा लाव," ती म्हणाली.

समुपदेशक बाईंनी तेही लिहून घेतलं.